घोडेस्वारी क्लबसाठी वेळमापन यंत्रणा: फोटोसेल बसवण्यापासून निकालाच्या कागदापर्यंत

सोलापुरातील एखादा घोडेस्वारी क्लब पहिल्यांदा स्वतःची शो जंपिंग स्पर्धा, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याची स्पर्धा, भरवायचे ठरवतो, तेव्हा अडथळ्यांचे पोल, झेंडे, चषक, पाण्याचा टँकर आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांची व्यवस्था या सगळ्यांची यादी तयार होते. वेळ कशी मोजायची हा विषय मात्र शेवटी निघतो आणि ‘मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे की’ या एका वाक्यात संपतो. मी काही वर्षे टाइमकीपरच्या टेबलावर बसत आलो आहे आणि स्पर्धेनंतरची भांडणे बहुतेक वेळा याच वाक्यातून उगवलेली मी पाहिली आहेत. आता हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांनी यंत्र कोणते घ्यावे, ते मैदानावर कुठे आणि कसे उभे करावे आणि स्पर्धेच्या दिवशी कोणी काय करावे, हे क्रमाने सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आपल्या जिल्ह्याला घोडा नवा नाही. अकलूजचा घोडेबाजार दूरवर माहीत आहे आणि आषाढी वारीत पुरंदावडे व वाखरीच्या रिंगणात धावणारे अश्व पाहण्यासाठी लाखो डोळे लागलेले असतात. रिंगणाला घड्याळ लागत नाही, कारण तेथे कोणी कोणाशी स्पर्धा करत नसते. पुणे जिल्ह्यातील शर्यतीच्या घाटात बैलगाडा मात्र सेकंदावर जिंकतो किंवा हरतो, त्यामुळे सेकंदाच्या काही भागांवरून निकाल फिरतो ही गोष्ट आपल्याकडील प्रेक्षकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तो भाग चुकीचा मोजला गेला तर काय होते, एवढेच संयोजकांना पटवून द्यावे लागते.

पहिली पायरी: आपल्याला नेमके काय मोजायचे आहे ते ठरवा

घोडेस्वारीच्या प्रत्येक प्रकाराला सारखीच यंत्रणा लागत नाही. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या ठरावीक चाली दाखवण्याच्या प्रकारात, घंटा झाल्यावर स्वाराने ४५ सेकंदांत मैदानात प्रवेश केला की नाही, एवढे पाहिले तरी पुरते आणि त्यासाठी साधे स्टॉपवॉच उत्तम चालते. लांब पल्ल्याच्या एंड्युरन्समध्ये निघण्याची, पोहोचण्याची आणि पशुवैद्यकीय तपासणीची वेळ नोंदवायची असते, म्हणून तेथे सर्व नाक्यांवरील घड्याळे एकमेकांशी जुळवलेली असणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

इव्हेंटिंग या ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि जंपिंग अशा तीन भागांच्या प्रकारात, मोकळ्या रानातील अडथळ्यांच्या क्रॉसकंट्री फेरीत ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंडगुण मिळतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला भारतीय घोडेस्वार फवाद मिर्झा क्रॉसकंट्रीत एकही अडथळा न चुकवता आला, तरी वेळेचे ११.२० दंडगुण त्याच्या खात्यावर चढले, म्हणजे फरक अवघ्या २८ सेकंदांचा होता. नव्या मुलांना वेळेची किंमत समजावताना मी हेच उदाहरण देतो, कारण ते फळ्यावर भागाकार करून दाखवता येते.

सर्वांत काटेकोर मोजणी शो जंपिंगमध्ये लागते. तेथे वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवली जाते आणि एकही पोल न पाडता आलेल्या स्वारांमध्ये बरोबरी झाली, तर जंप-ऑफमध्ये, म्हणजे निर्णायक जादा फेरीत, कमी वेळ घेणारा जिंकतो. क्लबने पैसे खर्च करायचे ते मुख्यतः याच प्रकारासाठी, म्हणून पुढील सर्व विवेचन शो जंपिंग डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

दुसरी पायरी: हाताचे घड्याळ कुठे अपुरे पडते ते समजून घ्या

मिनिटाला ३५० मीटर हा शो जंपिंगमधील नेहमीचा वेग आहे. या वेगाने घोडा एका सेकंदात ५.८ मीटरहून थोडे अधिक अंतर कापतो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे ६ सेंटिमीटर. माणसाला डोळ्याने पाहून अंगठा दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात घोडा सव्वा मीटरच्या जवळपास पुढे गेलेला असतो. सुरुवातीला आणि शेवटी सारखाच उशीर झाला तर तो वजा होऊन जाईल, पण तो सारखा कधीच होत नाही, कारण शेवटच्या अडथळ्यानंतर भरधाव येणारा घोडा पाहून हात नकळत आधीच दाबला जातो.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका छोट्या स्पर्धेत आम्ही दोघे जण स्टॉपवॉच घेऊन शेजारी शेजारी बसलो होतो. पहिल्या दोन क्रमांकांच्या मुलींमध्ये माझ्या घड्याळावर ०.१८ सेकंदांचा फरक आला आणि माझ्या सोबत्याच्या घड्याळावर तोच फरक उलट्या बाजूने आला. कोणाचे घड्याळ धरायचे हे आधी लिहून ठेवलेले नव्हते. पंचांनी माझे धरले आणि दुसऱ्या क्रमांकाची मुलगी काही न बोलता घोड्याच्या मानेवर हात फिरवत उभी राहिली. त्या दिवशी चूक कोणत्या अंगठ्याची होती हे मला आजही सांगता येणार नाही, आणि त्या मुलीला मी उत्तर देऊ शकलो नाही हे मला अजून खुपते.

तिसरी पायरी: संच निवडा

मूळ संचात चार गोष्टी येतात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर फोटोसेलची, म्हणजे घोड्याने किरण तोडला की घड्याळाला संदेश देणाऱ्या उपकरणाची, प्रत्येकी एक जोडी, पंचांच्या टेबलावर ठेवायचे मुख्य घड्याळ म्हणजे कंसोल, फोटोसेलपासून कंसोलपर्यंत संदेश नेणारी वायर किंवा रेडिओ, आणि प्रेक्षकांसाठी आकड्यांचा एलईडी बोर्ड. बोर्ड नसला तरी स्पर्धा होते, त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर बोर्ड पुढच्या वर्षावर ढकलावा. छापणारा प्रिंटर मात्र शक्यतो सोडू नये.

फोटोसेल दोन प्रकारचे मिळतात. एका प्रकारात एका बाजूला अवरक्त किरण सोडणारा भाग आणि समोर तो पकडणारा रिसीव्हर असतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही भाग एकाच डबीत असून समोर फक्त रिफ्लेक्टर लावायचा असतो. रिफ्लेक्टरवाला संच स्वस्त आणि मांडायला सोपा आहे, पण आपल्याकडची धूळ रिफ्लेक्टरवर बसली की परत येणारा किरण क्षीण होतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत, तासातासाला घोड्यांच्या टापांनी मैदान उधळत असताना, मी पहिल्या प्रकारालाच पसंती देईन.

वायर की रेडिओ, हा दुसरा प्रश्न आहे. वायर भरवशाची असते, पण ती जमिनीत दोन-चार बोटे पुरावी लागते. एकदा आम्ही ती नुसती वाळूवर टाकली होती. सरावाच्या वेळी घोड्यांची निगा राखणारे म्हातारे मोतद्दारमामा माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, घोडं वायरीला बिचकायलंय, तिच्यावर माती ओढा.” त्यांचे म्हणणे खरे होते, कारण उन्हात चमकणारी काळी वायर घोड्याला सापासारखी वाटत असावी. रेडिओच्या संचात हा त्रास नाही, मात्र तो घेताना एक गोष्ट तपासावी. अमेरिकेसाठी बनवलेले अनेक संच ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तर भारतात विनापरवाना वापरासाठी खुला असलेला जवळचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. त्यामुळे संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला भारतातील इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे रेडिओ उपकरणाची सरकारी मान्यता, आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी मागावे. ऑस्ट्रियातील आल्गे, इटलीतील मायक्रोगेट, स्वित्झर्लंडमधील टॅग ह्यूअर आणि अमेरिकेतील फार्मटेक ही या क्षेत्रातील जाणती नावे आहेत. नाव कोणतेही घेतले तरी सुटे भाग किती दिवसांत मिळतील, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

चौथी पायरी: मैदानावर मांडणी करा

नवे लोक सर्वाधिक चुका या पायरीवर करतात, म्हणून येथे घाई करू नये. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारीच मांडणीला सुरुवात करावी.

नियमानुसार सुरुवातीची रेषा पहिल्या अडथळ्यापासून ६ मीटरपेक्षा कमी आणि १५ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नसावी, आणि शेवटच्या रेषेलाही शेवटच्या अडथळ्यापासून तीच मर्यादा लागू आहे. स्वाराच्या उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला पांढरा झेंडा येतो. फोटोसेलचा किरण या दोन झेंड्यांना जोडणाऱ्या रेषेवरच असला पाहिजे. त्यासाठी दोन झेंड्यांमध्ये दोरी ताणावी आणि दोन्ही स्टँड त्या दोरीच्या रेषेत, झेंड्यांच्या बाहेरच्या बाजूला उभे करावेत. किरण तिरका गेला, तर उजवीकडून येणारा घोडा आणि डावीकडून येणारा घोडा वेगवेगळ्या ठिकाणी रेषा ओलांडतात, आणि तो अन्याय कोणालाही डोळ्यांनी दिसत नाही.

किरणाची उंची घोड्याच्या छातीइतकी ठेवावी. तो फार वर ठेवला तर एखादा घोडा मान खाली घालून येताना किरणाखालून बराच पुढे सरकतो आणि मान ताठ ठेवणारा मारवाडी घोडा आधीच पकडला जातो. फार खाली ठेवला तर आधी पुढचा पाय, मग मागचा पाय असे किरण अनेकदा तुटते. त्याच दिवशी लहान मुलांचे पोनी धावणार असतील, तर त्या वर्गासाठी उंची कमी करून दोन्ही टोकांची पुन्हा मोजून घ्यावी. एकाच वर्गाच्या मध्ये मात्र उंचीला कोणीही हात लावू नये.

आता सूर्याकडे वळतो. रिसीव्हरच्या काचेत थेट ऊन शिरले की त्याला समोरचा किरण ओळखता येत नाही. रेषा उत्तर-दक्षिण असेल तर फारसा प्रश्न येत नाही. रेषा पूर्व-पश्चिम असेल तर सकाळच्या स्पर्धेत रिसीव्हर पूर्वेच्या टोकाला, पश्चिमेकडे तोंड करून ठेवावा आणि संध्याकाळच्या स्पर्धेत दोन्ही भागांची अदलाबदल करावी. उन्हाच्या तापामुळे आपल्याकडे स्पर्धा भल्या सकाळी किंवा दिवस उतरताना घ्याव्या लागतात, आणि नेमके तेव्हाच सूर्य खाली असतो. एका संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या शेवटच्या रेषेवरील रिसीव्हरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला आणि घोडा येण्याआधीच घड्याळ थांबले. तेव्हापासून आम्ही पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आतून काळा रंगवून रिसीव्हरच्या तोंडावर बसवतो. तो बसवल्यापासून ती तक्रार आलेली नाही.

सोलापूरची काळी माती ही वेगळी काळजी आहे. पाऊस पडून गेल्यावर ती फुगते आणि ट्रायपॉडचा एक पाय हळूहळू आत जातो, तर उन्हाळ्यात तिला भेगा पडून पायाखालची जागा सैल होते. प्रत्येक पायाखाली लाकडी फळीचा तुकडा ठेवावा आणि ट्रायपॉडच्या मध्यभागी वाळूची पिशवी टांगावी. घोडा आदळला तर स्टँड सहज आडवा होईल असा हलका असावा. लोखंडी खांब जमिनीत गाडून त्यावर फोटोसेल लावण्याचा मोह होतो, पण घोड्याच्या पायापेक्षा यंत्र मोठे नाही.

मांडणी पूर्ण झाली की आधी स्वतः चालत किरण तोडून पाहावा. मग मोतद्दाराला घोडा घेऊन रेषेतून दहा वेळा, शेवटी दुडकीवर, जायला सांगावे आणि प्रत्येक वेळी कंसोलवर नोंद आली का ते लिहावे. रेडिओचा संच असेल तर पत्र्याच्या शेडमागे किंवा मोठ्या वाहनाआड कंसोल ठेवून संदेश पोहोचतो का, हेही त्याच वेळी पाहावे, कारण स्पर्धेच्या दिवशी मध्ये कोणाचा तरी टेम्पो उभा राहतोच.

पाचवी पायरी: मार्गाची लांबी आणि अनुज्ञेय वेळ

मार्ग आखणाऱ्याने मोजणीचे चाक घेऊन, घोडा ज्या वळणाने जाईल त्याच वळणाने चालत लांबी मोजावी. समजा ती ४२० मीटर आली आणि वेग मिनिटाला ३५० मीटर ठरला, तर ४२० भागिले ३५० म्हणजे १.२ मिनिटे, अर्थात ७२ सेकंद ही अनुज्ञेय वेळ झाली. तिच्या दुप्पट, म्हणजे १४४ सेकंद, ही कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडणारा स्वार बाद होतो. अनुज्ञेय वेळेवर गेलेल्या सेकंदांचा दंड कसा लावायचा हे त्या स्पर्धेला लागू असलेल्या नियमावलीत पाहून, कंसोलमध्ये भरून, मार्गाच्या नकाशासोबत फलकावर लावावे. चाकाची मोजणी दोन जणांनी स्वतंत्रपणे करावी.

सहावी पायरी: एक फेरी कशी चालवायची

टेबलावर किमान तीन माणसे असावीत. एक जण कंसोल चालवतो, दुसरा हाताचे स्टॉपवॉच धरतो आणि तिसरा कागदावर लिहितो. लिहिणाऱ्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये, चहा आणायलाही पाठवू नये.

पंच घंटा वाजवतात त्या क्षणी कंसोलवर ४५ सेकंदांची उलटी मोजणी सुरू करायची. या अवधीत स्वाराने योग्य दिशेने सुरुवातीची रेषा ओलांडली की फोटोसेल घड्याळ सुरू करतो. त्याने ती ओलांडली नाही, तर ४५ सेकंद संपताच फेरीची वेळ आपोआप धावू लागते. बहुतेक कंसोलमध्ये सुरुवातीची जोडी जागी करण्याचे एक बटण असते आणि ते घंटेनंतरच दाबायचे असते, कारण घोडा गरम करताना स्वार त्या रेषेतून कितीदा तरी जातो. घड्याळ सुरू झाल्यावर ती जोडी पुन्हा बंद ठेवायची, कारण मार्ग वळून त्याच रेषेवरून गेला तर घोटाळा होतो. शेवटची जोडीही स्वार शेवटच्या दोन अडथळ्यांपाशी आल्यावरच जागी करावी. छातीने किरण तुटल्यावर लगेच पाय आणि शेपटी तो पुन्हा तोडतात. ते यंत्राने दुर्लक्षित करावे म्हणून पहिल्या नोंदीनंतर एक-दोन सेकंद फोटोसेल बंद राहील अशी सोय असते, ती आधीच बसवून ठेवावी.

सर्वांत अवघड प्रसंग नकाराचा आहे. घोडा अडथळ्यापुढे थांबला आणि त्यात पोल पडला, तर पंच घंटा वाजवतात आणि त्याच क्षणी घड्याळ थांबवायचे असते. अडथळा पुन्हा उभा राहतो, घंटा होते, स्वार परत येतो. घड्याळ पुन्हा सुरू करायचे ते घंटेवर नव्हे, तर त्याच अडथळ्यावर घोड्याचे पाय जमीन सोडतात त्या क्षणी, आणि एकूण वेळेत ६ सेकंदांची दुरुस्ती मिळवायची. हे काम कोणताही फोटोसेल करत नाही, ते कंसोलवर बसलेल्या माणसाच्या बोटावरच असते. म्हणून नव्या माणसाला टेबलावर बसवण्याआधी सरावाच्या दिवशी असे नकार मुद्दाम घडवून, निदान वीस वेळा थांबव-चालव करायला लावावे. पोल न पडता नुसता नकार झाला, तर घड्याळ थांबत नाही. हा फरक घाईत विसरला जातो. जुळ्या किंवा तिहेरी अडथळ्यातील दुसऱ्या वा तिसऱ्या उडीवर असा प्रसंग आला, तर घड्याळ पहिल्या उडीवर घोडा उडताना सुरू होते.

प्रत्येक फेरीनंतर लिहिणाऱ्याने यंत्राची वेळ, हाताच्या घड्याळाची वेळ, दुरुस्ती आणि अंतिम वेळ अशा चार रकान्यांत नोंद करून मोठ्याने वाचून दाखवावी. यंत्र आणि हात यांच्यातील फरक एरवी ठरावीक पट्ट्यात राहतो. तो एकाएकी एक सेकंदाने वाढला तर लगेच रेषेकडे पाहावे, बहुधा स्टँड हललेला असतो.

सातवी पायरी: यंत्र बंद पडले तर

तयारी आधीच असेल तर हा प्रसंग शांतपणे निभावतो. आंतरराष्ट्रीय नियमांतही स्वयंचलित यंत्रणा बिघडल्यास उपयोगी पडावीत म्हणून थांबवून पुन्हा सुरू करता येणारी तीन डिजिटल स्टॉपवॉच ठेवायला सांगितले आहे. दोन जण हाताने वेळ घेत असतील तर एकाचीच वेळ निकालासाठी धरायची आणि दुसऱ्याची राखीव ठेवायची. तो ‘एक’ कोण, हे स्पर्धेपूर्वी कागदावर लिहून पंचांची सही घ्यावी. पालक मोबाइलवरचे चित्रीकरण घेऊन येतात आणि त्यावरून वेळ काढा म्हणतात. त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगावे की चित्रीकरणावरून फेरीची वेळ ठरवण्याला नियम परवानगी देत नाही.

विजेसाठी मैदानातील जोडणीवर विसंबू नये. कंसोल आणि फोटोसेल दोन्ही बॅटरीवर चालणारे असावेत आणि भरलेला एक जादा संच टेबलाखाली सावलीत असावा. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात आणि मे महिन्यात बंद गाडीत ते तापमान सहज गाठले जाते. भर उन्हात कंसोलचा पडदाही काळवंडतो, म्हणून आम्ही टेबलावर चार काठ्या रोवून त्यावर सोलापुरी चादर ताणतो. ती जाड असल्याने ऊन आणि धूळ दोन्ही अडवते.

आवरताना

स्पर्धा संपल्यावर घोडे परत नेईपर्यंत फोटोसेल काढू नयेत, कारण रिंगणात माणसे घुसली की मोकळे घोडे बुजतात. काचा मऊ सुती कापडाने, आधी फुंकून धूळ उडवून मग पुसाव्यात. उलट केले तर मातीचा कण काचेवर ओरखडा काढतो. बॅटऱ्या बाहेर काढून, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, सगळे कोरड्या जागी ठेवावे. आपल्याकडे जोराचा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये होतो, त्यामुळे त्या महिन्यात डबा एकदा उघडून पुड्या बदलाव्यात. प्रिंटरच्या कागदावरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. त्यांच्या झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून चार रकान्यांच्या कागदांना जोडाव्यात आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत क्लबच्या कपाटात ठेवाव्यात, म्हणजे आपल्या मुलीची वेळ पाहायला आलेल्या आईसमोर तो कागद ठेवता येईल.